संमेलनासाठी वंशावळ पडद्यावर : प्रकल्प नोंदी

१४ एप्रिल २०२४, रविवार

सुट्टी असूनही अण्णांचा फोन सकाळी साडेसातला. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे १० मेला, गावी देवळाच्या सभामंडपात सगळी भावकी जमवायचं पक्कं झालं. जुन्नर तालुक्यातले, पुण्यातले, लालबाग-परळकडचे, सगळे. पितरांना पाणी द्यायचाच दिवस आहे, तर पितरांना एकदा पडद्यावर बघूनही घेऊ, असं अण्णांचं म्हणणं. पडदा म्हणजे प्रोजेक्टर, आणि प्रोजेक्टर म्हणजे मी.

वंशावळ ग्रॅम्प्समध्ये, म्हणजे वंशावळी ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये आहे. ४१२ माणसं, सात पिढ्या, आठेक वर्षांची रात्रपाळी. आवृत्ती ५.१. गेल्या महिन्यात ५.२ आली, पण संमेलन होईपर्यंत तिला हात लावणार नाही. लग्नघरात रंगकाम काढत नाहीत.

माहिती तयार आहे. काम आहे ते मांडणीचं. भाऊबीजेला जे झालं ते पुन्हा होऊ द्यायचं नाही. तेव्हा हौसेने लॅपटॉप टीव्हीला जोडला होता. माझी रोजची मांडणी कामाची असते : खाली टिपांची पट्टी, उजवीकडे गाळणी (फिल्टर), यादीत शेवटच्या बदलाची तारीख. एका चुलत आजोबांवर क्लिक केलं आणि खालच्या पट्टीत माझीच टीप उघडली : ‘पहिली बायको दोन वर्षांत माहेरी परत. कारण आत्याला विचारणे.’ त्यांची नात समोर फराळाची ताटली घेऊन बसली होती. मग घाईघाईने पट्टी बंद कर, स्तंभ काढ, रंग बदल. पाहुणे गेल्यावर ते सगळं परत जागेवर लावायला आठवडा लागला आणि स्तंभांचा जुना क्रम आजही नीट जमलेला नाही.

म्हणून या वेळी तीन गोष्टी हव्यात. संमेलनाची मांडणी एका झटक्यात लागावी. रोजची मांडणी त्यात जराही हलू नये. आणि टिपा पडद्यावर येण्याची शक्यताच नको.

१६ एप्रिल

मांडणी नक्की कुठे साठते ते शोधलं. मी लिनक्सवर आहे. घरच्या फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारं ‘.ग्रॅम्प्स’ नावाचं लपलेलं फोल्डर असतं, कंट्रोल-एच दाबलं की दिसतं. त्याच्या पोटात ‘ग्रॅम्प्स५१’, आणि त्यात मुख्य फाइल ‘ग्रॅम्प्स.आयएनआय’. साधी मजकुराची फाइल. रंग, तारखेची पद्धत, नावाची पद्धत, खिडकीचा आकार सगळं त्यात. ज्या ओळीच्या सुरुवातीला दोन अर्धविराम, ती मूळची किंमत, मी न बदललेली. ज्या ओळी मोकळ्या, त्या माझ्या. आठ वर्षांत मी काय काय हलवलं याचा आपोआप झालेला हिशेबच म्हणायचा.

त्याशेजारी प्रत्येक दृश्याची (माणसांची यादी, पंख्यासारखा गोल तक्ता वगैरे) वेगळी छोटी फाइल. अहवालांचे पर्याय आणि मी बनवलेल्या गाळण्या तिसरीकडे, एक्सएमएल प्रकारच्या मजकूर फायलींत.

एक गोष्ट मात्र आज कळली आणि लाज वाटली. दर महिन्याला मी नेमाने बॅकअप घेतो, पण त्यात फक्त वंशावळ जाते. मांडणी जात नाही. उद्या लॅपटॉप गेला तर माणसं परत येतील, टेबल येणार नाही.

२० एप्रिल, शनिवार

पहिला, आळशी उपाय करून पाहिला : ‘ग्रॅम्प्स.आयएनआय’ची एक प्रत ‘रोजची’ नावाने ठेवायची, संमेलनासाठी हवे ते बदल करायचे, नंतर जुनी फाइल जागेवर टाकायची.

बदल केले. रंग भडक केले, पट्ट्या काढल्या. मग ‘रोजची’ फाइल परत जागेवर टाकली. प्रोग्रॅम बंद करून उघडला तर रंग भडकच. पुन्हा टाकली, पुन्हा भडक. तिसऱ्यांदा डोक्यात प्रकाश पडला. फाइल टाकताना ग्रॅम्प्स उघडाच होता. बंद होताना तो आपल्या मनातली मांडणी त्याच फाइलवर लिहितो. म्हणजे मी जुनी फाइल ठेवत होतो आणि तो जाता जाता ती पुसून जात होता. आधी बंद करायचं, मग फाइल बदलायची. बंद करून केलं तेव्हा रंग परत आले.

पट्ट्या मात्र नाहीत, कारण त्या दृश्यांच्या वेगळ्या फायलींत. हा उपाय बाद. सभामंडपात शंभर माणसांसमोर मला फायली हलवायच्या नाहीत.

२१ एप्रिल, रविवार

योग्य रस्ता सापडला : ‘ग्रॅम्प्सहोम’ नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करताना त्याला बाहेरून द्यायची सूचना. त्यात दुसऱ्या फोल्डरचा पत्ता दिला की ग्रॅम्प्स तेच आपलं घर समजतो आणि मांडणी तिथूनच वाचतो, तिथेच लिहितो. म्हणजे प्रोग्रॅम एक, घरं दोन. परत आणण्याचा प्रश्नच मिटला, कारण जुनी मांडणी जागची हलतच नाही.

‘संमेलन’ नावाचं फोल्डर केलं, त्यात ‘ग्रॅम्प्स’, त्यात माझं ‘ग्रॅम्प्स५१’ अख्खं उचलून ठेवलं. नवीन बनवण्यापेक्षा हे बरं, कारण नंतर बसवलेली ॲडऑन्स, म्हणजे जादा सोयी, त्याच्याच पोटात असतात. दोन ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि चालवली. पहिल्या फटक्यात सगळी वंशावळ समोर! बायकोला हाक मारून दाखवलं.

पुढचे दोन तास मात्र असे गेले. वंशावळींची यादी उघडली तर ती रिकामी. एकही वंशावळ नाही म्हणतो. आणि मागे पडद्यावर ४१२ माणसं बसलेली. घरात कोणी नाही असं आतून कोणीतरी सांगावं तसा प्रकार. शेजारी रोजचा ग्रॅम्प्स उघडायला गेलो तर तो म्हणे वंशावळीला कुलूप आहे, दुसरीकडे उघडी आहे.

कुलपामुळेच उलगडा झाला. घर बदललं की वंशावळी ठेवायची जागाही नव्या घरात जाते, आणि तिथे अजून काहीच नाही, म्हणून यादी रिकामी. पण उचलून आणलेल्या फाइलमध्ये शेवटच्या उघडलेल्या वंशावळीचा पूर्ण पत्ता होता, आणि ‘शेवटची वंशावळ आपोआप उघडा’ हा पर्याय माझ्याकडे चालू असतो. त्यामुळे संमेलनाच्या घरात बसून मी मूळ वंशावळच उघडली होती. टिपांसकट. भाऊबीजेचा दुसरा प्रयोग थोडक्यात टळला.

आपोआप उघडण्याचा पर्याय बंद केला. रिकाम्या यादीचा आधी राग आला होता, आता तीच हवीशी वाटते. संमेलनाच्या घराला मूळ वंशावळ दिसतच नाही, हेच तर हवं होतं. तिथे फक्त धुतलेली, म्हणजे खाजगी गोष्टी काढून टाकलेली, प्रत ठेवायची.

२७ एप्रिल, शनिवार

प्रत धुण्याचं काम. ग्रॅम्प्समध्ये माणूस, घटना, टीप यांतल्या कशावरही खाजगीची खूण करता येते, छोटं कुलूप. पण ती खूण नुसती करून भागत नाही. अहवालात खाजगी गोष्टी वगळता येतात, पडद्यावरच्या दृश्यांत मात्र त्या दिसतच राहतात. म्हणून खुणा करायच्या, मग खाजगी वगळून निर्यात करायची आणि ती निर्यात नव्या घरात आयात करायची.

निर्यात गेडकॉममध्ये (वंशावळीच्या सगळ्या प्रोग्रॅमांत चालणाऱ्या फाइल-प्रकारात) नाही, ग्रॅम्प्सच्या स्वतःच्या एक्सएमएलमध्ये. गेडकॉम दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जायला ठीक आहे, पण त्यात बुकमार्क आणि माझ्या नावांच्या पद्धती गळतात.

टिपांवर सरसकट कुलूप. प्रश्न जिवंत माणसांच्या जन्मतारखांचा. पुतण्या म्हणाला, जिवंत सगळे वगळून टाक. वेडा आहे. माणसं येणार आहेत ती स्वतःला शोधायलाच. नाव हवं, फोटो हवा, फक्त आत्याचं वय नको. तेव्हा एकेकाची जन्माची घटना उघडून कुलूप लावत बसलो. आज ८० झाली. उरलेली पुतण्याच्या गळ्यात.

१ मे

महाराष्ट्र दिन, घरीच. धुतलेली प्रत संमेलनाच्या घरात आयात केली. टिपा गेल्या, वयं गेली, फोटो जागेवर. आणि नावं?

सगळ्या खोक्यांत आमचं आडनाव. नुसतं आडनाव. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव अशी मूळची पद्धत लागली होती आणि पंख्याच्या तक्त्यात जागा संपली की पुढचं कापलं जातं. एकाच घराण्याची एकच पाटी, पाच वर्तुळं भरून.

माझी पद्धत वेगळी आहे : आधी नाव, मग अवतरणात हाकेचं नाव, मग आडनाव. ती गेली कुठे? गंमत अशी की पद्धतीची व्याख्या वंशावळीत साठते आणि त्यातली कोणती वापरायची हे ‘ग्रॅम्प्स.आयएनआय’मध्ये. आयात करताना व्याख्या आली, पण फाइल जुन्या क्रमांकाकडे बोट दाखवत राहिली. तो सापडला नाही म्हणून प्रोग्रॅम मूळच्या पद्धतीवर आला. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन पुन्हा निवडली, सरळ झालं. धुतलेली प्रत पुन्हा बनवली की हे एकदा तपासायचं, असं भिंतीवर चिकटवलं. (यादीत मोठ्या अक्षरांतल्या आडनावाचाही पर्याय आहे. देवनागरीत मोठी अक्षरं कुठून आणणार, पण पर्याय आहे.)

हाकेच्या नावाचं थोडं लिहून ठेवतो, कारण अण्णा विचारणारच. आमच्याकडे लग्नात बायकांची नावं बदलत. मी मुख्य नाव माहेरचं ठेवतो, सासरचं पर्यायी नाव म्हणून. पण चौकटीत फक्त मुख्य नाव दिसतं, आणि माहेरच्या नावाने घरात कोणी ओळखत नाही. शेवटी सासरचं नाव ‘निकनेम’च्या रकान्यात टाकलं. पणजी आता चंद्रभागा “लक्ष्मी” अशी दिसते. रकान्याचा हेतू हा नव्हे, मला माहीत आहे. पण चंद्रभागा हे नाव ट्रंकेत सापडलेल्या लग्नाच्या यादीत एकदाच आलंय, आणि ते कापून मी लक्ष्मी लिहिणार नाही.

४ मे, शनिवार

पुतण्याच्या कॉलेजातून प्रोजेक्टर आणला, दिवाणखान्यात चाचणी. पडदे उघडे ठेवूनच, कारण सभामंडपाला तीन बाजूंनी भिंत नाही.

मूळचा फिकट निळा आणि फिकट गुलाबी भिंतीवर पोचेपर्यंत पांढरा होतो. प्रेफरन्सेसमध्ये पुरुष, स्त्री, आणि त्यात जिवंत-दिवंगत असे वेगळे रंग देता येतात. जिवंतांना गडद निळा आणि गडद हिरवा, दिवंगतांना दोन्हीकडे एकच, गेरूचा. वहिनी म्हणाल्या, गेलेल्यांत बाई-पुरुष कशाला. बरोबर वाटलं.

अक्षरं बारीक. ग्रॅम्प्समध्ये अक्षरांचा सर्वसाधारण आकार वाढवायची सोय मला सापडली नाही, तो डेस्कटॉपकडून घेतो. डेस्कटॉपचीच अक्षरं मोठी केली तर माझा ब्राउझर, मेल, सगळं फुगतं, आणि ते नंतर परत करायचं म्हणजे पुन्हा भाऊबीज. ‘जीडीके_डीपीआय_स्केल’ हा दुसरा व्हेरिएबल उपयोगी पडला. स्क्रिप्टमध्ये त्याला १.५ दिलं की त्या स्क्रिप्टमधून उघडलेला ग्रॅम्प्स तेवढा मोठ्या अक्षरांत उघडतो. बाकी लॅपटॉपला पत्ता नाही.

पंख्याच्या तक्त्यात पिढ्या पाचच ठेवल्या. आतल्या वर्तुळांत शिरोरेषा कमानीसारखी वाकते, ते दिसतं मोठं देखणं. सहावी पिढी घेतली की अक्षरं मुंग्या होतात.

५ मे, रविवार

शकांचा दिवस. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतून आलेल्या जुन्या नोंदी शकात आहेत. ग्रॅम्प्सच्या कॅलेंडरांत ज्यू आहे, इस्लामी आहे, फ्रेंच राज्यक्रांतीचंसुद्धा आहे. शालिवाहन नाही. शकात ७८ मिळवायचे, आणि वर्ष चैत्रात बदलत असल्याने जानेवारीपासून चैत्रापर्यंतच्या तारखेला ७९. शके १८०६ नुसतं असेल तर मी १८८४ ते १८८५ च्या दरम्यान असं लिहितो. श्रावण शके १८०६ असेल तर शंका नाही, १८८४. मूळ शब्द टिपेत. पण टिपा तर धुऊन टाकल्या! शकाच्या टिपांवरची कुलपं काढली, पुन्हा निर्यात, पुन्हा आयात, पुन्हा नावाची पद्धत. भिंतीवरचा कागद कामी आला.

८ मे

रंगीत तालीम. स्क्रिप्ट चालवली, संमेलनाचं घर उघडलं, बुकमार्कवरून सहा थांबे घेतले : मूळ पुरुष, दोन भाऊ वेगळे झाले ती पिढी, गिरणीत गेलेले पहिले दोघे, पणजी, अण्णा, सर्वांत लहान बाळ. एकूण १४ मिनिटं. अण्णा फोनवर ऐकत होते. म्हणाले, बाळावर संपवू नकोस, बाळाचे आईबाप मुंबईला आहेत, यायचे नाहीत.

प्रोजेक्टर फार तर १०२४ बाय ७६८ देतो आणि खिडकीचा जपून ठेवलेला आकार माझ्या मोठ्या पडद्याचा. त्यामुळे उजवी कड बाहेर. प्रोजेक्टर जोडूनच एकदा उघडलं, खिडकी बसवली, बंद केलं. आता तोच आकार लक्षात राहील. ‘संमेलन’ फोल्डर अख्खं पेनड्राइव्हवर घेतलं, पुतण्याच्या लॅपटॉपवर चालवून पाहिलं. चाललं.

१० मे, अक्षय्य तृतीया

रात्रीचे अकरा, गावी. वीज दोनदा गेली. तेवढा वेळ अण्णांनी तोंडी वंशावळ सांगितली, माझ्यापेक्षा बरी.

मांडणी एकदाही हलली नाही. गेरूचा रंग उजेडात टिकला. पणजीच्या चौकटीवर आलो तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांच्या काकांनी हात वर केला, शाळेतल्यासारखा. “चंद्रभागा कोण?” म्हटलं, काका, तुमची आजी. लग्नाआधीची. ते पुढच्या दोन थांब्यांपर्यंत काही बोलले नाहीत, मग शेजारच्याला म्हणाले, नाव चांगलं होतं की.

एका वहिनींनी विचारलं, आतेभाऊ आणि मामेभाऊ यांना हे मशीन काय म्हणतं? मी मेनू इंग्रजीतच ठेवले आहेत, तेव्हा आते, मामे, मावस, चुलत सगळे ‘कझिन’. हशा पिकला आणि तो बराच टिकला.

कार्यक्रम संपल्यावर तिघे जण मागे लागले : जातीच्या दाखल्यासाठी छापील वंशावळ दे, तहसीलला लावायची आहे. हल्ली वंशावळ म्हटलं की लोकांना आधी तहसीलच आठवतं. त्यांना समजावलं की तिथे माझा तक्ता नाही, कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ची नक्कल आणि प्रतिज्ञापत्र लागतं. नक्कल मोडीत असेल तर लिप्यंतरही.

मी जेवायला बसलो तेव्हा लॅपटॉपवर पुतण्या होता. लोक रांग लावून दुरुस्त्या सांगत होते, तो भरत होता. गुणी पोरगा.

१२ मे

गुणी पोरगा, पण त्याने सगळ्या दुरुस्त्या संमेलनाच्या प्रतीत भरल्या आहेत. त्या घरात दुसरी वंशावळ दिसतच नाही, तो तरी काय करणार. चूक माझी. बंदोबस्त इतका चोख केला की लिहायची वही कोणती हे सांगायचं राहिलं.

ती प्रत मूळ वंशावळीवर परत आयात करणं म्हणजे ४१२ माणसांच्या दोन-दोन आवृत्त्यांना आमंत्रण. नको. माणसांच्या यादीत ‘शेवटचा बदल’ हा स्तंभ चालू केला, त्यावर क्रम लावला, १० मेची माणसं वर आली. ३१. घटनांच्या यादीतही तेच केलं, तिथे ४४. समोर दोन खिडक्या : डावीकडे संमेलन, उजवीकडे रोजचं घर. हाताने उतरवायचं. उद्या पुण्यात मतदान आहे, सुट्टी आहे, उद्या बसतो.

१४ मे

३१ माणसं झाली. दोन मुलांची जन्मवर्षं उलटी होती, एक सून माझ्याकडे नव्हतीच, आणि एका घराची अख्खी शाखा मी चुकीच्या भावाखाली लावली होती. आठ वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पडद्यावर आलं आणि दहा मिनिटांत आलं.

१९ मे, रविवार

घटनाही संपल्या. रोजचा ग्रॅम्प्स उघडला : खाली टिपांची पट्टी, उजवीकडे गाळणी, फिके रंग, बारीक अक्षरं. काही परत लावावं लागलं नाही. ‘ग्रॅम्प्स५१’ फोल्डरची प्रत आता महिन्याच्या बॅकअपमध्ये घातली आहे. ‘संमेलन’ फोल्डर ठेवतो, पण त्यातली वंशावळ पुसली. पुढच्या वेळी ताजी धुऊन घ्यायची.

शेवटचं एक. जेवणाच्या पंक्तीत आत्या शेजारी होती. मी विचारलं नव्हतं. तिने आपणहून, आमटी वाढता वाढता, पहिल्या बायकोचं कारण सांगितलं. आज मूळ वंशावळीत ती टीप उघडली, ‘आत्याला विचारणे’ खोडलं, तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिलं. कुलूप तसंच ठेवलं.